शनिवारची ग्रंथालय भेट : नववीच्या इतिहास प्रकल्पासाठी

इतिहास शिक्षक मित्रमैत्रिणींनो, येत्या शनिवारी सकाळी दहाला मुलांना घेऊन दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जमायचे आहे. विषय : १८९६ची मुंबईतली प्लेगची साथ.

मुलांनी नुसता विषय नको, प्रश्न लिहून आणावा. ‘प्लेगची माहिती’ म्हटले की मूल दिसेल ते उतरवून काढते. ‘साथ आधी बंदराजवळच्या मांडवी भागात का दिसली?’ असे विचारले, की ते धान्याची गोदामे, उंदीर, दाटीवाटीच्या चाळी यांच्यामागे लागते. त्याच ओघात १८९७चा साथरोग कायदा आणि दाटीच्या वस्त्या सुधारण्यासाठी नेमलेला १८९८चा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टही सापडतो. पुस्तक हातात आले की आधी अनुक्रमणिका आणि शेवटची सूची बघायची, ही सवय कृपया तिथेच बसून लावा. ती एकदा लागली की जाड ग्रंथाची भीती जाते.

सरकारी नोंदीत ‘लोकांनी सहकार्य केले नाही’ अशा अर्थाचे काही आले, तर हे कोण लिहितो आहे आणि रोगी शोधायला होणाऱ्या घरझडतीला लोक का घाबरत होते, हे मुलांना जरूर विचारा. मला तरी हाच सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

प्रत्येक टिपणाखाली पुस्तक, लेखक, वर्ष, पान हवेच. पानांचे फोटो नकोत. वही-पेन्सिल आणावी. किती मुले येणार, ते गुरुवारपर्यंत कळवा.