नवव्या क्रमांकाबद्दल आभार

आदरणीय पंच महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी गंगापूर रोडवरील सभागृहात झालेल्या पोकेमॉन कार्डांच्या स्पर्धेत माझी मुलगी नववी आली. बाद फेरीसाठी पहिले आठ जण घेतले जाणार होते, म्हणजे तिची जागा एका क्रमांकाने हुकली. तिला बक्षीस मिळाले नाही आणि आपण निकालही बदलला नाही, तरी हे पत्र आभाराचेच आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण इतकेच, की शहरात अशा स्पर्धा भरवणाऱ्या इतर मंडळींच्याही ते वाचनात यावे.

यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी ती अशीच थोडक्यात मागे राहिली होती. तेव्हा समान गुणांच्या खेळाडूंत आपण खाली का, असे तिने विचारले असता आयोजकांनी “कॉम्प्युटरने काढलंय ते” एवढेच उत्तर दिले आणि तिने पुन्हा विचारताच तिच्या हातात चॉकलेट ठेवले. विजेत्यांची छायाचित्रे मात्र निकालाची यादी लागण्याआधीच काढून झाली होती. त्या दिवशी घरी आल्यावर तिने डेक, म्हणजे खेळायच्या पत्त्यांचा संच, कपाटात टाकून दिला. नातीला रविवारी सकाळी पत्ते खेळायला घेऊन जाणारी सून, अशी माझी ओळख करून देणाऱ्या सासरेबुवांना अर्थातच त्याचे दुःख झाले नाही.

आपल्या स्पर्धेत स्विस पद्धतीच्या पाच फेऱ्या होत्या. ही पद्धत प्रथम १८९५ साली झुरिचमधील बुद्धिबळ स्पर्धेत वापरली गेली, आणि बुद्धिबळपटू विदित गुजराथीच्या नाशिकमध्ये ती कोणाला समजावून सांगावी लागू नये. हरलेला खेळाडू बाहेर पडत नाही, तर प्रत्येक फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. पोकेमॉनमध्ये विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण मिळतो. मुलीचे तीन विजय आणि दोन पराभव झाले, म्हणजे ९ गुण. पाच जण तिच्या सरळ पुढे होते आणि उरलेल्या तीन जागांसाठी ९ गुणांचे आठ दावेदार होते.

यादी भिंतीवर लागली तेव्हा आपल्याभोवती गर्दी होती. बाद फेरीच्या जोड्या जाहीर करायच्या होत्या आणि कोणाच्या तरी डेकलिस्टमधील, म्हणजे आपल्या पत्त्यांची नावे लिहून दिलेल्या यादीतील, चूक निस्तरायची होती. माझ्या मुलीने तोच जुना प्रश्न विचारला आणि, खरे सांगते, मी तिचा हात धरून निघण्याच्या तयारीत होते. आपण मात्र शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसलात, एक कोरी डेकलिस्ट पालथी केलीत, पेनचे टोपण काढलेत आणि ते पेन तिच्या हातात दिलेत. “आकडे मी सांगतो, गणित तू कर,” असे आपण म्हणालात.

त्या क्षणाचे मोल मला नेमके सांगता येणार नाही. आपण स्वतः भरभर हिशेब मांडून दाखवला असता, तरी मी समाधानाने घरी गेले असते. पण मग तो आपला हिशेब राहिला असता. गुण समान असले की ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या टक्क्यांची सरासरी जास्त, तो वर लागतो. म्हणून तिने एकेका प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहिले आणि त्याने पाचपैकी किती फेऱ्या जिंकल्या, त्याचे टक्के काढले. ८०, ६०, ४०, ४०. पाचवा मुलगा पहिल्या दोन्ही फेऱ्या हरून ड्रॉप घेऊन, म्हणजे स्पर्धा अर्धवट सोडून, निघून गेला होता, म्हणून त्याच्यापुढे तिने शून्य लिहिले. आपण तिथे बोट ठेवून सांगितलेत की नियमानुसार किमान २५ टक्के धरले जातात, म्हणजे एखाद्याचा दिवस फारच वाईट गेला तरी त्याची पूर्ण झळ त्याच्याशी खेळलेल्यांना बसत नाही. बेरीज २४५, भागिले पाच, सरासरी ४९. आठव्या खेळाडूची सरासरी ५२ होती. मग तिने स्वतःच विचारले, की तो मुलगा थांबला असता आणि उरलेल्या तिनांपैकी दोन फेऱ्या जिंकला असता तर? तर त्याचे ४० झाले असते, तुझे ५२ झाले असते आणि पुढचा निकष लावावा लागला असता, असे आपण तिला एखाद्या बरोबरीच्या खेळाडूला सांगावे तसे सांगितलेत. “बॅड लक” हा शब्द आपण एकदाही उच्चारला नाहीत, याची मी विशेष नोंद घेतली.

या साऱ्याला पाच मिनिटेही लागली नसतील. नकार देणाऱ्याने कारणही सांगावे, ही अपेक्षाच आपण सगळ्यांनी सोडून दिली आहे. बाद झालेला अर्ज असो, नामंजूर झालेले कर्ज असो की शाळेतील प्रवेशाची यादी, खिडकीपलीकडचा माणूस मान वर न करता “नाही” म्हणतो आणि आपणही मुकाट्याने रांगेतून बाजूला होतो. पुष्कळदा नियम योग्यच असतो, माणूसही लबाड नसतो, फक्त समोरच्याला ते समजण्याचा हक्क आहे असे त्याला वाटत नाही. आपल्याला ते वाटले, आणि तेही सहावीतल्या मुलीच्या बाबतीत.

डेक कपाटातून बाहेर आलेला आहे. साठही पत्ते नव्या स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाकिटांत, गेले आहेत. सिडकोत पोहोचेपर्यंत तिची सारी तक्रार निघून गेलेल्या त्या मुलाबद्दल होती, आणि आता तिने वर्गातील मित्रांना बजावले आहे की दोन फेऱ्या हरलात तरी उठायचे नाही, कारण तुमच्या जाण्याने दुसऱ्याचे टक्के जातात.

दोन विनंत्या करते. पुढील वेळी भिंतीवरील यादीत गुणांशेजारी या टक्क्यांचा रकानाही थोड्या मोठ्या अक्षरांत छापावा. आणि शक्य असल्यास स्पर्धेची तारीख सहामाही परीक्षेच्या आठवड्यात धरू नये, कारण तेव्हा सासरेबुवांपुढे माझे काही चालणार नाही.

आपली नम्र,
एक पालक, सिडको, नाशिक