मे महिन्यात दुपारी चारला घर बघायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी सुरू करता. शिवाय इंदुरात सध्या कितीतरी मराठी कुटुंबं जुन्या वस्तीतून राऊ, निपानिया, बिचोलीकडे भाड्याचं घर शोधत निघाली आहेत. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत, ते त्यांनाही कळायला हवं.

खरं तर आपली ओळख ती केवढी! 'सानंद' या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात चहा घेताना दोन शब्द बोलायचो. तुम्ही वीज मंडळातून निवृत्त झालात, एवढंच मला ठाऊक. रामबागेतलं घर मालक पाडून नव्यानं बांधणार आहेत, ह्यांची नोकरी पिथमपूरला, म्हणून राऊच्या बाजूला बघतोय, असं मी बोलता बोलता सांगितलं. तुम्ही विचारलंत, "घरं बघता किती वाजता?" सकाळी, ऊन चढायच्या आत, म्हटलं. "मग काहीच कळणार नाही. दुपारी चारला जा. मीपण येतो." आणि खरोखर आलात! मे महिन्यात, डोक्याला उपरणं गुंडाळून.

दलाल आम्हाला दिवाणखाना, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग दाखवत होता आणि तुम्ही सरळ आतल्या खोलीत जाऊन पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवून उभे. "हात लाव," म्हणालात. भिंत चांगलीच तापलेली होती. ही उष्णता भिंतीच्या आरपार यायला काही तास घेते, म्हणजे माणसं झोपायला येतात तेव्हा भिंत खोलीत ऊब सोडत असते, हे तुम्ही मला तिथेच समजावलंत. माळव्याची रात्र थंड. शब-ए-मालवा उगाच नाही म्हणत. बाहेर गार वारा आणि आत घामाच्या धारा, असं का होतं याचं उत्तर मला त्या भिंतीनं दिलं.

ती मल्टी, म्हणजे बहुमजली इमारत, दिसायला फार देखणी होती. पूर्ण दर्शनी भाग काचेचा, तोही पश्चिमेला. दलाल म्हणाला, एकदम मॉडर्न. तुम्ही शांतपणे खिडकी सरकवून पाहिलीत आणि म्हणालात, "सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते अर्धीच." मग परतताना गाडीत सूर्याचा सगळा हिशेब सांगितलात. कर्कवृत्त आपल्या वर, उज्जैनच्या जवळून जातं. इंदूर त्याच्या थोडं दक्षिणेला. त्यामुळे जूनच्या मध्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर, उलट किंचित उत्तरेकडेच असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. पण दुपारी चार-पाचचं ऊन तिरपं. ते छज्जाखालून थेट पलंगापर्यंत येतं. त्याला बाहेरून अडवावं लागतं, झाडानं, जाळीनं नाहीतर बांबूच्या चिकानं. पडदा लावून भागत नाही, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं. माझ्या मते माळव्यात पश्चिमेला काच लावणाऱ्या प्रत्येक बिल्डरला तुम्ही एकदा गाडीत बसवायला हवं.

घरांसाठी २०१८ मध्ये इको-निवास संहिता ही ऊर्जा बचतीची नियमावली आली, बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॉटची मर्यादा तिच्यात घातली आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. भाडेकरूनं हे आकडे मागावेत असं तुमचं म्हणणं नव्हतं. पण भिंत कशाची आहे, विटेची की एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची), वर गच्ची आहे की दुसरा मजला, गच्चीवर पांढरी चायना मोझेक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर, आहे का, आणि समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या किती, एवढं तरी विचारायचं. हे विचारायला पैसे पडत नाहीत, असं तुम्ही म्हणालात.

मीटरचं प्रकरण तर आम्हाला सुचलंच नसतं. एका ठिकाणी घर छान होतं, भाडंही परवडणारं. तुम्ही खाली जिन्याशी जाऊन मीटरची पेटी पाहून आलात. तीन भाडेकरू आणि वीज कंपनीचं मीटर एकच, बाकी सगळे मालकांनी बसवलेले सबमीटर. आपल्याकडे मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये लागतात. तीन घरांचा वापर एकाच मीटरवर मोजला की ही सवलत तर जातेच, शिवाय सगळे वरच्या दराच्या टप्प्यात जातात, आणि मालक म्हणेल तो दर द्यायचा. "स्वतःचं मीटर नसेल तर वीज वाचवून फायदा कुणाचा?" हे तुमचं वाक्य ह्यांनी ऑफिसातल्या चार जणांना ऐकवलं आहे. त्या मालकांना तुम्ही मात्र एक शब्द वाकडा बोलला नाहीत, चहा घेऊन उठलात.

आत्ताचं घर मिळालं ते तुम्ही राऊकडच्या एका कॉलनीत आतल्या गल्लीत गाडी वळवायला लावलीत म्हणून. पाच मजली इमारत, आमचा तिसरा मजला. पश्चिमेला जिना आणि संडास-बाथरूम, म्हणजे दुपारचं ऊन आधी त्यांना लागतं आणि झोपायच्या खोल्या सुटतात. भिंती एएसी ब्लॉकच्या. गच्चीवर सोलर आहे, त्यावर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालतात, त्यामुळे देखभालीचा खर्च बेताचा. तुम्ही घरमालकीणबाईंकडे आधीच्या भाडेकरूची मे आणि डिसेंबरची वीजबिलं मागितलीत. मला संकोच वाटला होता, पण त्यांनी आनंदानं काढून दिली. मग पंख्यांचा विषय. लग्नपत्रिकेच्या पाठीवर तुम्ही मांडलेलं गणित मी जपून ठेवलंय: जुना पंखा ८० वॉट, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० वॉट, दिवसाला १२ तास धरले तर एका पंख्यामागे बचत ०.६ युनिट, तीन पंख्यांचे १.८, महिन्याला ५४ युनिट. घरमालकीणबाईंनी ते पाहिलं आणि पुढच्याच आठवड्यात पंखे बदलून दिले. करारात त्याची नोंदही तुम्ही करायला लावलीत. पंखे मालकांचे, मीटर आमच्या ताब्यात, अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन. सगळं नीट झालं.

तुम्ही घालून दिलेली शिस्त चालू आहे. सकाळी नऊच्या आत खिडक्या-पडदे बंद, अंधार पडला की जाळ्या लावून सगळं उघडं. मृग येईपर्यंत कूलर, तोही मागची खिडकी उघडी ठेवून. एसी लागला तर २६ वर, सोबत पंखा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात आमचं बिल १५० युनिटांच्या आत राहिलं. पाण्याचंही तसंच. नर्मदा जलूदहून सत्तरेक किलोमीटर, घाट चढवून आणावी लागते, तेव्हा नळ उघडा टाकणं म्हणजे वीजच सांडणं, हे तुम्ही आमच्या मुलीला सांगितलं होतंत. आता ती मला सांगते, दात घासताना.

पण बिलापेक्षा मोठी गोष्ट सासूबाईंची. रामबागेतल्या जाड भिंतींत त्यांची हयात गेली. नव्या घरात झोप लागणार नाही, या धास्तीनं त्या हलायलाच तयार नव्हत्या. त्यांची खोली पूर्वेची घ्या, असं तुम्ही सुचवलंत. पहिल्याच उन्हाळ्यात त्या रात्रभर शांत झोपल्या. इथे हॉर्न नाहीत, संध्याकाळी गल्लीत मुलं सायकली फिरवतात, बायका बाकावर बसून भाज्या निवडतात, सासूबाईही त्यांच्यात असतात. त्यांचं हिंदी आता माझ्यापेक्षा बरं झालंय.

तुम्ही दलाली घेतली नाहीत, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, गृहप्रवेशाला दिलेलं उपरणंही परत करत होतात, ते सासूबाईंनी बळेच घ्यायला लावलं. काका, नुसत्या तोंडओळखीच्या माणसांसाठी तुम्ही ऐन उन्हात जिने चढलात. आम्ही चौघं तुमचे मनापासून ऋणी आहोत.

एक विचारायचं राहिलं. आमच्या घरमालकीणबाईंचा दुसरा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि तो फार तापतो. भाड्यानं देण्याआधी गच्चीचं काय करावं, हे त्यांना तुमच्याकडून समजून घ्यायचंय. तुमचा नंबर त्यांना दिला तर चालेल का, तेवढं कळवा. येणार असाल तर जेवायलाच या, सासूबाईंनी सांगितलंय.

तुमची,
राऊकडची भाडेकरू सून
इंदूर