‘कुठलं कॉलेज?’च्या आधीचा प्रश्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा संपत आल्या की आपल्या पुरवणीत ‘कोणती शाखा निवडाल’, ‘प्रवेशाची तयारी’ असे लेख येऊ लागतात. मी ते वाचते, काहींची कात्रणंही जपून ठेवली आहेत. पण या सगळ्यांत मूल कॉलेजात जाणार हे गृहीतच धरलेलं असतं, उरतं ते फक्त कुठल्या, एवढंच. या मुलाला आत्ता कॉलेजात जायचंय का आणि कशासाठी, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्यांना काय बोलू, मीही कित्येक वर्षं विचारलं नव्हतं. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे आणि शेवटच्या वर्गाला ‘मार्गदर्शन’ करायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. मार्गदर्शन म्हणजे गुणपत्रिका बघायची आणि तेवढ्या गुणांत काय मिळेल ते सांगायचं.

एकदा प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर बंद पडला. काटा मध्येच अडकायचा. मी तो भंगारात टाकणार होते, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, बघू का? त्याने कोरा कागद पसरला. जो स्क्रू निघेल तो त्यावर ठेवायचा, भोवती पेन्सिलीने गोल काढायचा, आत आकडा लिहायचा. आतली केसासारखी स्प्रिंग स्वतःतच गुंतली होती, ती त्याने टाचणीने सोडवली आणि आकडे उलटे मोजत सगळं परत बसवलं. अर्धा तास तो एक शब्द बोलला नव्हता. मी त्याची पाठ थोपटली आणि म्हटलं, “एवढा हुशार आहेस, पदवी तर घ्यायलाच हवी.” घरच्यांनाही तेच सांगितलं. गुण बेताचे, म्हणून जिथे जागा होती त्या विषयाला गेला आणि दुसऱ्या वर्षी सोडून आला. पदवी नाही, फीसाठी काढलेलं कर्ज मात्र डोक्यावर. आज तो लिफ्टच्या देखभालीचं काम करतो, चांगलं करतो. भेटला तेव्हा हसत म्हणाला, “बाई, दोन वर्षं मी नुसतं घड्याळ बघत होतो.” मला दोष दिला नाही, म्हणूनच जास्त लागलं.

मग मी शहाणी झाले, म्हणजे मला तसं वाटलं. काही वर्षांनी एक मुलगी म्हणाली, मला पुढे शिकायचं नाही, काम करणार. मी लगेच मान डोलावली, कॉलेज काय सगळ्यांनाच लागतं असं नाही वगैरे. खरी गोष्ट काढली ती आमच्या ऑफिसातल्या लेखनिक बाईंनी. घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं. शिष्यवृत्तीच्या अर्जात काय भरायचं ते तिला कळेना आणि विचारायची लाज वाटत होती. तिचा नकार शिक्षणाला नव्हताच, त्या अर्जाला होता! बाईंनी एका दुपारी तिला शेजारी बसवून तो भरून घेतला.

तेव्हापासून मुलाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ मी पहिल्या फटक्यात खरं धरत नाही. ‘हो’च्या मागे बऱ्याचदा फक्त मित्र निघालेत म्हणून निघणं असतं, ‘नाही’च्या मागे भीती किंवा पैशांची चिंता. आणि या वयात दोन्ही ठासूनच बोललं जातं.

हा विचार काही माझा नवा नाही. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये तरुणांसाठी व्यवसाय-मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, तेव्हाच त्यांनी सांगून ठेवलं होतं की आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या आणि मग दोन्हींचा मेळ घाला. आम्ही शाळेत पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारतो. कामं कशी असतात हे मुलांना कळणार कुठून? त्यांनी जवळून पाहिलेलं मोठ्या माणसाचं काम बहुधा एकच, शिक्षकाचं.

स्वित्झर्लंडमध्ये शाळेतली मुलं काही दिवस एखाद्या कारखान्यात, कार्यालयात किंवा रुग्णालयात जाऊन तिथलं काम बघतात, हाताला लागेल ते करतात. त्याला त्यांचा शब्दही गमतीचा आहे, ‘श्नुपर्न’, म्हणजे हुंगणं. कामाचा वास घेऊन यायचं, नाही आवडला तर दुसरीकडे जायचं. तिथली साधारण दोनतृतीयांश मुलं पुढे काम करता करता शिकण्याचा रस्ता धरतात, आणि त्या रस्त्यावरूनही उच्च शिक्षणाकडे वळता येतं. तिथली सगळी व्यवस्था उचलून आणता येणार नाही, मान्य. पण चार दिवस हुंगायला कायदा कशाला लागतो?

गैरसमज नको, मी कॉलेजच्या विरोधात नाही. डॉक्टर, वकील व्हायचं असेल तर पदवीला पर्याय नाही, आणि ज्याला एखाद्या विषयाची खरीच ओढ आहे त्याने खुशाल जावं. मात्र कर्ज काढणार असाल तर अभ्यासक्रम मध्येच सुटला तर काय, हा हिशेब घरात बसून आधी मांडा. सगळ्यात वाईट अवस्था त्याचीच, माझ्या विद्यार्थ्यासारखी.

आणि ‘वर्ष वाया जाईल’ हे पालकांचं पालुपद. हार्वर्ड विद्यापीठ तर प्रवेश मिळालेल्या मुलांना स्वतःहून सुचवतं की हवं तर वर्षभर थांबून या. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा प्रवेशाला आधीच्या परीक्षेची अटच ठेवली नव्हती. कामधंदा करणारी, संसारातली माणसं तिथे शिकली. नको असलेल्या विषयात काढलेलं वर्ष मात्र कुणी वाया गेलं म्हणून मोजत नाही, हे मला कधी उमगलेलं नाही.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीत यशस्वी माणसांच्या मुलाखती असतातच. त्यांच्या जोडीला दर आठवड्याला एका साध्या माणसाचा कामाचा दिवस छापा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तासातासाने. लेखापाल, परिचारिका, वेल्डर, सर्वेक्षक, कुणीही. कंटाळा कधी येतो, पाठ कधी दुखते, हे शिकायला किती दिवस लागले आणि कुठे शिकलात, एवढं विचारलं तरी पुरे. लिफ्टवाल्याशी बोलायचं असेल तर मी गाठ घालून देईन. तो आता बराच बोलतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका