ऑडिटच्या दिवशी जिने मोकळे असतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामगारांची पिळवणूक होते म्हणून स्वस्त विदेशी ब्रँडच्या कपड्यांवर बहिष्कार टाकावा, असे सुचवणारे एका तरुण वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांची कळकळ खरी आहे. पण मी बावीस वर्षे मुंबईतल्या एका निर्यात कारखान्यात चेकिंगला होते. परदेशी दुकानांत टांगल्या जाणाऱ्या शर्टांचे काज, बटण, शिवण तपासण्यात नोकरी गेली. म्हणून चार ओळी लिहाव्याशा वाटल्या.

आधी बहिष्काराचे. हा प्रयोग होऊन गेलेला आहे. १९९२-९३ च्या सुमारास अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेला माल आयात करण्यावर बंदी घालणारे विधेयक मांडले. ते मंजूरही झाले नाही, पण बांगलादेशातल्या मालकांना धास्ती बसली आणि हजारो पोरे एका फटक्यात कामावरून काढली गेली. ती शाळेत गेली नाहीत. युनिसेफने मागोवा घेतला तेव्हा त्यातली बरीच खडी फोडताना सापडली, काही मुली देहविक्रयात. मग १९९५ मध्ये मालकांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी करार केला: पोरांना कामावरून काढायचे ते शाळेत घालून आणि घरी थोडा भत्ता देऊन. जे आधी करायचे ते नंतर सुचले. आज तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांत सुमारे ४० लाख माणसे आहेत, त्यात बायका जास्त. आपण शर्ट घेतला नाही तर त्यांची पगारवाढ होत नाही, ऑर्डर जाते.

दुसऱ्या टोकाला अर्थशास्त्रातली मंडळी असतात. काम नसण्यापेक्षा वाईट काम बरे, असे त्यांचे म्हणणे. गावाकडे उपाशी बसलेल्या बाईला हे पटतेही. पण ती कारखान्यात आली ती पगारासाठी, मागच्या जिन्याला लावलेल्या कुलुपासाठी नाही. कुलूप काढले म्हणून शर्ट महाग होत नाही.

आता ऑडिटचे, म्हणजे कामगारांना नीट वागवतात का हे पाहणाऱ्या तपासणीचे. बायरचा, म्हणजे ऑर्डर देणाऱ्या परदेशी कंपनीचा, माणूस येणार हे आठवडाभर आधी कळायचे. जिन्यावरची खोकी गोडाऊनला जायची. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस आणि आयोडीन यायचे. थ्रेड कटिंगला बसणारी लहान दिसणारी पोरे त्या दिवशी सुट्टीवर. हजेरीची दुसरी वही कपाटातून बाहेर. आणि लाइनवरच्या मुलींना मीच पढवायचे: ओव्हरटाइम किती विचारलं तर दोन तास सांगा, दुप्पट दराने मिळतो म्हणा. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण केले ते केले. बायरचे साहेब कागदावर खूण करून जायचे. त्याच संध्याकाळी त्यांच्याच कंपनीच्या खरेदी विभागाचा निरोप यायचा: शिपमेंट दहा दिवस अलीकडे आणा आणि नगामागे भाव आणखी उतरवा. दहा दिवस कुठून आणायचे? रात्रीतून. ऑडिट करणाऱ्याला हे माहीत नव्हते असे मला कधीच वाटले नाही.

कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली. अडीचशेहून अधिक माणसे गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. एसए ८००० हे सामाजिक दर्जाचे नावाजलेले प्रमाणपत्र त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच मिळाले होते. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला, ढाक्याजवळ सावरची राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ जण मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली, वरच्या शिलाई कामगारांना मात्र सकाळी आत घातले गेले. तिथल्या दोन कारखान्यांची सामाजिक ऑडिट झालेली होती. इमारतीचे खांब पाहणे हे ऑडिटरचे कामच नव्हते म्हणे.

त्यानंतर अमेरिकेने काय केले? जून २०१३ मध्ये बांगलादेशाच्या जकात सवलती स्थगित केल्या. त्या सवलतींत तयार कपडे जवळजवळ नव्हतेच. शिक्षा झाली, पण ज्या धंद्यात माणसे मेली त्याला ती लागलीच नाही.

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. मे २०१३ मध्ये कामगारांच्या जागतिक युनियन आणि ब्रँड यांच्यात ‘अकॉर्ड’ नावाचा करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. यात मला कळणारी बाब अशी की बायर पहिल्यांदाच कागदावर अडकला. तपासणी स्वतंत्र अभियंते करणार, अहवाल सगळ्यांना वाचता येणार, जागा धोक्याची वाटली तर कामगार काम नाकारू शकणार, दुरुस्तीला पैसे उभे राहतील हे ब्रँडने पाहायचे. दोन वर्षे ऑर्डर तिथून हलवायच्या नाहीत हेही त्यात होते. शब्द मोडला तर द हेगच्या लवादापुढे जाता येत होते आणि संघटना तशा गेल्याही. २०१८ मध्ये एका ब्रँडला वीस लाख डॉलरहून अधिक मोजावे लागले. सुमारे १,६०० कारखाने तपासले गेले; कुलपाची दारे निघाली, जिने वेगळे बांधले गेले. २०२३ पासून पाकिस्तानातही असा करार आहे.

पगाराला मात्र अकॉर्डने हात लावला नाही. २०२३ मध्ये ढाक्यातले कामगार महिना २३,००० टका मागत रस्त्यावर उतरले, मिळाले १२,५००. आणि भाव ठरवतो तो बायर. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा शिवून तयार असलेल्या मालाच्या ऑर्डरीही ब्रँडनी रद्द केल्या. कापड मालकाने घेतलेले, मजुरी मालकाने द्यायची, आणि माल पडून. म्हणून मला वाटते, ‘कारखान्याला शिस्त लावा’ एवढ्याने भागत नाही. माल शिवणाऱ्या कामगारांची जबाबदारी ऑर्डर देणाऱ्यावर टाकणारा कायदा त्याच्याच देशात हवा. फ्रान्सने तो २०१७ मध्ये केला, जर्मनीचा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सगळ्या सदस्य देशांसाठी केला आणि उद्योगांची ओरड होताच पुढच्याच वर्षी तो पातळ करायला घेतला.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असते, की हे श्रीमंत देशांचे कारस्थान, आपला माल अडवायचा बहाणा. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत कामगारांचा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेत घ्यायला भारताने याच कारणाने विरोध केला. शंका खोटी नाही. मुंबईच्या गिरण्यांना १८८१ चा कारखाना कायदा लागला त्यामागे इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होताच, आणि आपली बहुतेक राष्ट्रवादी पत्रे तेव्हा गिरणीमालकांच्या बाजूने उभी होती. पण १८८४ मध्ये गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्या गोळा केल्या. त्यांना रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास आणि वेळेवर पगार हवा होता. कायदा मँचेस्टरला हवा आहे म्हणून आपल्याला नको, असे ते म्हणाले नाहीत. रविवार मिळाला तो १८९० मध्ये.

तामिळनाडूत दिंडिगुलला एका कपड्यांच्या कारखान्यातली तरुण दलित कामगार २०२१ मध्ये पर्यवेक्षकाच्या हातून मारली गेली. त्यानंतर बायकांनी चालवलेल्या कामगार संघटनेने २०२२ मध्ये मालक आणि तीन परदेशी ब्रँड यांना बंधनकारक करारावर सह्या करायला लावल्या. त्या करारामुळे लाइनवरची बाईच तिथे छळाची तक्रार नोंदवू लागली. म्हणजे भारतात हे जमते.

२०२३ मध्ये पाकिस्तान आत आला तेव्हाही अकॉर्डच्या यादीत भारतातला एकही कारखाना नव्हता. भिवंडीतल्या, धारावीतल्या जॉबवर्कच्या, म्हणजे मोठ्या कारखान्याचे काम बाहेर शिवून देणाऱ्यांच्या, माळ्यांवर तर बायरचा माणूस पोचतच नाही, कारण तो माल कागदोपत्री मोठ्या कारखान्यात शिवलेला असतो. आपले ब्रँड आता बाहेर ऑर्डर देऊ लागले आहेत, म्हणजे आपणही बायर झालो. त्यांनी आपापल्या कारखान्यांची, जॉबवर्कवाल्यांसकट, यादी जाहीर करावी अशी सक्ती राज्य सरकार करील का, हा प्रश्न आपल्या वार्ताहराने कामगार मंत्र्यांना एकदा विचारावा, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त चेकर, डोंबिवली (पूर्व)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)