लॅम्बर्ट कोण ते विचारलंस म्हणून

प्रिय सम्या,

तुझा सेंट मेरीजचा, म्हणजे साउथॅम्प्टनच्या फुटबॉल स्टेडियमवरचा फोटो मिळाला. नाक थंडीनं लाल, गळ्यात लाल-पांढरा मफलर, आणि खाली एवढंच लिहिलंयस की ऑफिसातला एक म्हातारा सारखं लॅम्बर्ट लॅम्बर्ट करतो, कोण रे हा? लेका, साउथॅम्प्टनला तू राहतोस आणि विचारतोस कोल्हापुरात बसलेल्या मला! व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला घेतलं तर अंगठा दुखायला लागला, म्हणून हे रीतसर पत्र. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

रिकी लॅम्बर्ट, फुटबॉलवाला. जन्म १९८२ चा, गाव कर्कबी, म्हणजे लिव्हरपूलला लागूनच, आपलं उचगाव म्हण. पोरगा घरचाच लिव्हरपूल क्लबवाला, दहाव्या वर्षी त्यांच्याच अकॅडमीत गेला, आणि पंधराव्या वर्षी त्यांनी घरी पाठवला. असली पोरं तिथं दरवर्षी ढिगानं निघतात, पुढं त्यांचं काय होतं कोण बघत नाही. हा ब्लॅकपूलला गेला, तिथनंही सुटला. मग मॅकल्सफील्ड नावाच्या लहान क्लबात बिनपगारी सराव करायचा आणि पोटासाठी बीटच्या कारखान्यात जायचा. बीटच्या बरण्यांना झाकणं लावायची, दिवसाला वीस पौंड.

ही झाकणांची गोष्ट इंग्लंडात सगळ्यांना पाठ आहे, तुझ्या म्हाताऱ्यानंही सांगितली असेलच. पण लोक ती हसत हसत सांगतात आणि मला हसू येत नाही. तुला आठवतंय ना, बारावीनंतर आठ महिने मी मामाच्या ओळखीनं लोणच्याच्या कारखान्यात होतो? झाकण लावायला काय लागतंय, असं पहिल्या दिवशी वाटतं. दुपारपर्यंत तळहाताचा अंगठ्याखालचा मांसल भाग सोलवटतो, त्यात मीठ आणि मोहरीचं तेल जातं, आणि संध्याकाळी शाहू स्टेडियमवर थ्रो-इन टाकायला बॉल उचलला की हात थरथरतो. तू मला तेव्हा विचारलेलंस, थ्रो का चुकतोय म्हणून. तर मला लॅम्बर्ट तिथंच कळला, बाकीचं सगळं नंतर.

मॅकल्सफील्डनं शेवटी २००१ मध्ये करार दिला. पुढच्याच वर्षी स्टॉकपोर्टनं तीन लाख पौंड देऊन उचलला, पण तिथं काही फार जमलं नाही. आणि एक सांगू का, तो मुळात स्ट्रायकर नव्हताच, मधल्या फळीतला खेळाडू. पळण्यात मंद, अंगानं दणकट. २००५ मध्ये लीगच्या सगळ्यात खालच्या, चौथ्या डिव्हिजनमधल्या रॉचडेलला आला आणि तिथं पुढं, स्ट्रायकर म्हणून खेळायला लागला, जोडीला ग्रँट होल्ट. आता गंमत बघ, चौथ्या पायरीवरच्या त्या टीममधली ही दोन धिप्पाड माणसं, कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि पुढं २०११-१२ ला होल्टनं नॉर्विचकडनं प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, १५ गोल केले आणि त्याच्या पुढच्याच सीझनला लॅम्बर्टनं साउथॅम्प्टनकडनं १५. रॉचडेलमध्ये पावसात मॅच बघणाऱ्यांना कुणी हे आधी सांगितलं असतं तर त्याला वेड्यातच काढला असता.

मधे ब्रिस्टल रोव्हर्स. २००८ च्या एफए कपमध्ये यानं फ्री किकवर एकमेव गोल करून बाहेर घालवलेली टीम कुठली माहितेय? साउथॅम्प्टन. विचार तुझ्या म्हाताऱ्याला, कबूल करतो का बघ. २००८-०९ ला लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, २९ गोल मारले आणि त्या उन्हाळ्यात तुझ्या गावानं त्याला घेतला, दहा लाख पौंडांच्या आसपास देऊन. गाव तेव्हा पार गाळात होतं. क्लबचं दिवाळं निघालेलं, तिसऱ्या पायरीवर घसरलेला, वर दहा गुण कापलेले. मार्कुस लीबहेर नावाच्या माणसानं विकत घेऊन वाचवला, आणि बिचारा साधारण वर्षभरानं गेला. मॅनेजर ॲलन पार्ड्यूनं लॅम्बर्टला आल्या आल्या वजन कमी करायला लावलं. सत्ताविसाव्या वर्षी! म्हणजे तोवर हा माणूस पोट सुटलेलं असतानाच तेवढे गोल मारत होता, हे मला फार आवडतं.

मग सुरू झालं ते झालं. पहिल्या सीझनला लीगमध्ये ३०. दहा गुण कापूनही टीम सातवी आली आणि लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर जाऊन फुटबॉल लीग ट्रॉफी, म्हणजे खालच्या डिव्हिजनवाल्यांचा कप, घेऊन आली. २०११ ला एक पायरी वर, २०१२ ला आणखी एक, त्या वर्षी २७ गोल. आणि नुसते गोल नव्हेत रे. तो खाली यायचा, पाठीवर डिफेंडर घ्यायचा, बॉल छातीवर किंवा पायात असा थांबवायचा की जणू खाट टाकलीये, आणि मग बाजूनं पळणाऱ्या टीममधल्या लल्लानाला बरोब्बर पुढ्यात. वेग नव्हता म्हणून डोकं वापरायला शिकला असं मी म्हणतो, तू म्हणशील मुळातलाच मिडफिल्डर होता. दोन्ही खरंच असेल.

पेनल्टीचं तर सांगायलाच नको. साउथॅम्प्टनसाठी ३४ मारल्या, ३४ आत. सात नंबरची जर्सी, जी आधी मॅट ल टिसिएची, ज्याला तिथं देवच म्हणतात, आणि त्या देवाचीसुद्धा ४८ पैकी एक अडली होती. आपल्या पेठेतल्या मॅचला पेनल्टी मिळाली की अर्धं स्टेडियम पाठ फिरवतं, आठवतंय? लॅम्बर्टला कुणी पाठ फिरवली नसणार.

प्रीमियर लीगमधली पहिली मॅच १९ ऑगस्ट २०१२, मँचेस्टर सिटीच्या घरी, सिटी तेव्हा चॅम्पियन. हा बेंचवर. उतरला आणि गोल! मॅच ३-२ नं गेली, पण चौथ्या पायरीपासून वर येत तीस वर्षांचा झालेला माणूस पहिल्याच दिवशी चॅम्पियनच्या जाळ्यात बॉल टाकतो म्हटल्यावर मी आमच्या हॉलमध्ये एवढ्यांदा ओरडलो की आई आतनं लाटणं घेऊन बाहेर आली.

पण माझी रात्र ती नव्हे. माझी रात्र १४ ऑगस्ट २०१३ ची, म्हणजे आपल्याकडं १५ ऑगस्ट उजाडला होता. इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, वेम्ब्ली, आपल्या साडेबाराला सुरू. त्याच्या आधल्या आठवड्यात त्याला तिसरं लेकरू झालं आणि त्याच दिवशी इंग्लंडच्या टीममध्ये नाव आल्याचं कळलं. वय ३१. माझी सकाळी सातची शिफ्ट, त्याआधी कंपनीत झेंडावंदन, आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून जमिनीवर बसलेलो. स्कॉटलंड दोनदा पुढं गेलं, दोनदा बरोबरी. मग रूनी बाहेर आणि हा आत. तीन मिनिटं झाली नसतील, कॉर्नर मिळाला, बेन्सनं डावीनं घातला, आणि याचा पहिलाच टच, इंग्लंडसाठीचा आयुष्यातला पहिला टच, कपाळावर. तो उडी मारतो ते नीट बघ कधीतरी यूट्यूबवर. फार उंच नाही उडत, नुसता दुसऱ्याच्या आधी पोचतो आणि मान अशी झटकतो जशी म्हैस माशी झटकते. ३-२. आणि कॉर्नर मारणारा बेन्ससुद्धा कर्कबीचाच! एवढ्याशा गावातला एक मारतो आणि दुसरा डोकं लावतो, वेम्ब्लीवर. सकाळी झेंड्याला सॅल्यूट करताना माझे डोळे तांबडेलाल, साहेबांना वाटलं देशभक्ती.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. २०१४ च्या जूनमध्ये लिव्हरपूलनं त्याला चाळीस लाख पौंडांना परत घेतला. पंधराव्या वर्षी काढलेलं पोर बत्तिसाव्या वर्षी त्याच दारातनं आत. पेपरवाले खूष, सगळीकडं स्वप्न पूर्ण स्वप्न पूर्ण. मला तेव्हाच धाकधूक वाटली होती, खोटं नाही सांगत. ब्राझीलच्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेविरुद्ध शेवटची दोन-चार मिनिटं मिळाली, बस्स. ती मॅच उरुग्वेच्या सुआरेझनं घालवली आमची, आणि तोच सुआरेझ मग लिव्हरपूल सोडून बार्सिलोनाला गेला. स्ट्रायकर म्हणून राहिला स्टरिज, तो सीझनभर दुखापतीत, आणि बालोटेली, त्याच्याबद्दल काय बोलायचं. म्हणजे जागा रिकामी होती रे! आणि पहिली मॅच कुणाविरुद्ध, तर साउथॅम्प्टनच. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल केला त्यानं, वाटलं आता गाडी सुटली, पण ती मॅच ३-१ नं हरले. चार दिवसांत लुडोगोरेट्सविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये एक. जानेवारीत व्हिलाविरुद्ध एक. संपलं. ३६ मॅच, तीन गोल.

लोक म्हणतात वय झालेलं. असेल. मला विचारशील तर तिथं त्याच्याभोवती कुणी टीम बांधलीच नाही. साउथॅम्प्टनमध्ये बॉल आधी त्याच्याकडं यायचा आणि मग खेळ सुरू व्हायचा, लिव्हरपूलमध्ये तो उरलेली पंधरा मिनिटं भरायला होता. लिव्हरपूल त्याचं माहेर म्हण, साउथॅम्प्टन सासर. माहेरची ओढ कुणाला चुकलीय, पण पाच वर्षं स्वयंपाकघर याच्या हातात होतं ते सासरी, आणि माहेरी गेल्यावर पाहुण्यासारखा पाटावर बसवला. मी त्याच्या जागी असतो तर गेलो नसतो असं म्हणायचं तोंड मला नाही. आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमनं अठराव्या वर्षी मला बाहेर बसवलं, आणि मागच्या गणपतीत तिथल्याच एकानं सहज म्हटलं की लहान पोरांना शिकवायला ये, तर मी वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. बायको अजून हसते.

पुढचं पटकन सांगतो. २०१५ ला वेस्ट ब्रॉम, मग कार्डिफ, २०१७ ला थांबला. साउथॅम्प्टनसाठी २३५ मॅचमध्ये ११७ गोल, इंग्लंडसाठी ११ मॅच आणि तीन.

तर सम्या, काम असं आहे. त्या म्हाताऱ्याला पहिली चहा पाज, माझ्यातर्फे. दुसरं म्हणजे तिथं जुन्या जर्सी मिळतात म्हणे, २०१२-१३ ची सात नंबरची बघ. साइज डबल एक्सएल सांग, माझंही पोट पार्ड्यूकडं न गेलेल्या लॅम्बर्टएवढं झालंय. पैसे गुगल पेनं तुझ्या आईला देतो, तू डिसेंबरात येशील तेव्हा बॅगेत घाल. आणि रविवारी सकाळी सात वाजता पोरांची प्रॅक्टिस असते, आलास की सरळ ग्राउंडवर ये, घरी जाऊन झोपू नकोस. गोलीला माणूस कमी आहे.

तुझा,
बाळ्या