बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "तेल कंपन्याच आता वाऱ्याकडे आणि सौरऊर्जेकडे वळतायत, मग तेल कंपनीतली पक्की नोकरी का सोडतेस?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

त्या वळतायत असं जाहिरातीत दिसतं. पैसा कुठे जातो ते बघा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार २०२२ मध्ये तेल-वायू उद्योगाच्या भांडवली खर्चातला जेमतेम अडीच टक्के स्वच्छ ऊर्जेवर गेला. ब्रिटनच्या बीपी या तेल कंपनीचंच घ्या. २०३० पर्यंत उत्पादन ४० टक्के घटवू, असं २०२० मध्ये जाहीर केलं. युक्रेन युद्धानंतर भाव भडकले, नफा वाढला आणि २०२३ मध्ये चाळिसाचे पंचवीस झाले. २०२५ मध्ये तर तेल-वायूवरची गुंतवणूक वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरवर नेली. त्यांची गरज मला कळते. पवनचक्क्यांच्या विजेचा भाव बहुधा आधीच करारात बांधलेला असतो, तेल महागलं की विहीर घबाड देते. भागधारक कशाच्या मागे लागणार? पण अशा घरात स्वच्छ ऊर्जेचा विभाग नेहमी पाहुणाच राहतो.

शिवाय कंपन्या 'आमचं उत्सर्जन घटलं' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते फक्त विहिरी आणि रिफायनऱ्यांचं असतं. खरा कार्बन निघतो गिऱ्हाईक ते इंधन जाळतं तेव्हा. तोच हिशेबाबाहेर ठेवायचा, हे मला पटत नाही.

खरोखर वळलेली कंपनी आहे: डेन्मार्कची ऑर्स्टेड. पूर्वीच्या नावातच तेल आणि वायू होते. समुद्रातल्या पवनचक्क्यांत ती आधीपासून होतीच; २०१७ मध्ये तेल-वायू उत्पादनाचा धंदा विकला, नाव बदललं आणि सगळा भर तिकडे दिला. निम्म्याहून जास्त मालकी सरकारची होती, म्हणून एवढा धीर धरता आला असावा. अलीकडे तिलाही मोठा तोटा झाला. सोपं काहीच नाही.

आई, शिकलेलं वाया जाईल ही तुझी काळजी मात्र सोड. समुद्रतळाची पाहणी, पाया, नांगरसाखळ्या, वादळी पाण्यातली सुरक्षा, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामातही सगळं तेच. २०१७ मध्ये स्कॉटलंडजवळ पहिलं तरंगतं पवनऊर्जा केंद्र उभारणारी एक्विनॉरही मुळात तेल कंपनीच.

पगार सुरुवातीला कमी असेल. तुम्हाला पाठवते ती रक्कम तेवढीच राहील, तो हिशेब मी आधीच केलाय. बाबा, अजून शंका असतील तर रविवारी फोनवर सगळ्या विचारा.

तुमची लेक