पैसे सभागृहाचे, मैफल लॉनवर: सीझन पासबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तिकीट व प्रेक्षक सेवा विभाग

विषय: पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या हंगामात विक्रीनंतर परस्पर केलेले बदल आणि पूर्ण परतावा मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या वाद्यवृंदाच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हंगामाचे तीन पास मी माझ्या, वडिलांच्या आणि भाचीच्या नावे घेतले आहेत. एकूण ७,२०० रुपये, शिवाय आपलं सुविधा शुल्क. पावती सोबत जोडली आहे. माहितीपत्रकात तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या: बंदिस्त सभागृह, क्रमांकित आसन आणि ‘ध्वनिवर्धकाशिवाय, वाद्यांचा मूळ स्वर’. खरं सांगायचं तर या तिसऱ्या ओळीसाठीच आम्ही पैसे मोजले. स्पीकरमधून ऐकायचं असतं तर घरचा स्पीकर वाईट नाही.

आता आपला मोबाइलवर संदेश आला आहे. ‘प्रेक्षकांच्या सोयीसाठी’ डिसेंबर आणि जानेवारीचे कार्यक्रम रिंग रोडलगतच्या एका लॉनवर हलवले आहेत. आसनं प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या तत्त्वावर, पहिल्या रांगांमधले सोफे प्रायोजकांना. अत्याधुनिक साउंड सिस्टीम, खाण्याचे स्टॉल, आणि डिसेंबरमध्ये द्वोर्झाक या संगीतकाराच्या नवव्या सिम्फनीतले, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या रचनेतले, ‘निवडक भाग’. ही सोय नेमकी कोणी मागितली होती, ते संदेशात नाही.

मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. तिथला मुलगा बोलायला अगदी गोड होता. म्हणाला, “मॅडम, आवाजाचं टेन्शन घेऊच नका नं, मागच्या गेटपर्यंत दणदणीत येईल.” मी काय विचारते आहे हे त्याला कळेना, आणि दोष त्याचा नाही. पण ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांना तरी कळायला हवं होतं. सिम्फनीत आवाज लहानमोठा करण्याचं काम संगीतकाराने स्वरलिपीत आणि वादकाने हाताने, श्वासाने केलेलं असतं. चाळीस-पन्नास वाद्यांसमोर माइक लावले की ते काम मिक्सरवर बसलेल्या माणसाकडे जातं. व्हायोलिन कुठे आणि ओबो हे फुंकवाद्य कुठे, हे डोळे मिटून कळणं बंद होतं. सगळं दोन काळ्या खोक्यांतून येतं.

ही सिम्फनी तर लॉनसाठी सगळ्यात अवघड. तिच्या लार्गोत, म्हणजे दुसऱ्या भागात, कोर आंग्ले या ओबोच्याच जातीच्या फुंकवाद्यावर ती प्रसिद्ध धून येते. शेवटाकडे तीच धून मोजक्या तंतुवाद्यांवर परतते आणि मध्येच थबकते. पुन्हा सुरू होते, पुन्हा थबकते. त्या रिकाम्या जागा लिहिलेल्या आहेत, वाजवल्या जातात. भाग संपतो तो फक्त डबल बासच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या तंतुवाद्यांच्या, अगदी हलक्या स्वरमेळावर. आणि संपूर्ण सिम्फनीत झांज एकदाच वाजते, शेवटच्या भागात, तीसुद्धा जोरात नाही. तुळशीचं लग्न लागलं की नागपुरातल्या लॉनवर काय सुरू होतं ते आपणास ठाऊक असेलच. शेजारच्या लॉनवरच्या वरातीचा डीजे त्या रिकाम्या जागा कशा भरून काढेल, याची कल्पना मी करू शकते.

थंडीचं वेगळंच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. हवा गार झाली की फुंकवाद्यांचा स्वर उतरतो आणि धातूच्या तारा आकसून चढतात. म्हणजे अर्धा वाद्यवृंद खाली, अर्धा वर. वादकांनी महिनोन्महिने तालीम करून जुळवलेला स्वर दवात बसून सांभाळायचा? माझी तक्रार वादकांबद्दल मुळीच नाही. उलट त्यांच्याही वतीने ही एक ओळ वाचावी.

‘निवडक भाग’ कुठून आले, हेही मी हिशेब करून पाहिलं. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावले की ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू होतात आणि रात्री १० ला सगळं बंद करावं लागतं. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत वापरायला ही अडचण नाही. आपल्या नव्या वेळापत्रकानुसार दीपप्रज्वलन आणि प्रायोजकांचे सत्कार ७ ला, संगीत ८ ला. आधी बेथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना), साधारण चाळीस-बेचाळीस मिनिटांचा. मग स्टॉलसाठी पाऊण तासाचं मध्यंतर. त्यानंतर पूर्ण द्वोर्झाक घेतला तर आणखी चाळीस मिनिटं. दहा वाजून जातात! तेव्हा कात्री कशाला लावायची? सत्काराला नाही, मध्यंतराला नाही, सिम्फनीला. पहिल्या तीन भागांतल्या धुना शेवटच्या भागात परत येतात. मधले भाग गाळून तो वाजवला, तर परत येणारे पाहुणे आधी कधी आलेच नव्हते असं होईल. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली ती चारही भागांसह, आणि आपल्या माहितीपत्रकातही चार भाग छापलेले आहेत.

आसनांबद्दल थोडक्यात. भाची चेलो शिकते, म्हणून मी उजव्या बाजूची तिसरी रांग निवडली होती. चेलोवादक बहुधा त्या बाजूला बसतात आणि त्यांचा गज धरलेला हात तिथून नीट दिसतो. कडेची खुर्ची वडिलांसाठी, कारण ते वॉकर घेऊन चालतात. हिरवळीवर वॉकरचे पाय रुततात. लवकर येऊन जागा पकडा, असं ऐंशीच्या घरातल्या माणसाला सांगण्यात कसली सोय?

आपल्या कार्यालयाने नंतर कारण दिलं की, हिवाळी अधिवेशनामुळे सभागृह मिळालं नाही. विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरवायचं हे १९५३ च्या नागपूर करारापासून ठरलेलं आहे आणि डिसेंबर आला की सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांचं काय होतं हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पास विकताना आपल्या कॅलेंडरात डिसेंबर नव्हता का? शिवाय सभागृहांची अगदीच वानवा आहे असंही नाही. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, लक्ष्मीनगरात सायंटिफिक सोसायटीचं आहे. तारीख आठ दिवस मागेपुढे झाली असती तरी आम्ही कुरकुर केली नसती. आणि अधिवेशनाचं कारण जानेवारीला कसं लागू पडतं, हे विचारल्यावर फोन ‘होल्ड’वर गेला तो गेलाच.

आपण पर्याय म्हणून पुढच्या हंगामासाठी क्रेडिट नोट देऊ केली आहे. ती मला मान्य नाही. ‘कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार राखीव’ ही तळटीप मी वाचली आहे. एखादा वादक आजारी पडला, रचनांचा क्रम बदलला, तर ती चालेल. बंद सभागृहाचं उघडं लॉन करायला ती पुरी पडेल असं मला वाटत नाही.

माझी मागणी अशी: डिसेंबर आणि जानेवारीचे कार्यक्रम कोणत्याही बंदिस्त सभागृहात, ध्वनिवर्धकाशिवाय, पूर्ण रचनांसह होणार असतील तर तसं लेखी कळवावं, आम्ही तारीख बदलून यायला तयार आहोत. नसेल तर तिन्ही पासची संपूर्ण रक्कम सुविधा शुल्कासह, ज्या खात्यातून दिली त्याच खात्यात, पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत जमा करावी. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि आपलं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी तक्रार मी राहते तिथेच करता येते. माहितीपत्रकाची मूळ प्रत मी जपून ठेवली आहे. संकेतस्थळावरून आपण ती तिसरी ओळ काढून टाकल्याचं कालच पाहिलं.

आपली,
एक पासधारक
धरमपेठ, नागपूर

सोबत: पावती, माहितीपत्रकाची छायाप्रत, मोबाइलवरील संदेशाचं छायाचित्र